बॅटरीच्या झोतातला होला

बाभळीच्या फांदीवर झोपलेला होला खालून बॅटरीच्या झोतात कसा दिसतो, हे मला वयाच्या अकराव्या वर्षापासून माहीत आहे. फिकट पोट, फांदीला घट्ट धरलेली तांबूस बोटं आणि खांद्यांत रुतवलेलं डोकं. इतर कितीतरी पाखरं झोपताना मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसतात. होला तसं करत नाही. म्हातारं माणूस घोंगडीत मान ओढून घेतं तशी तो मान आत घेतो आणि गप्प बसतो. झोत पडला की डोळे उघडतो, पण उडत नाही. उजेडाच्या पलीकडे सगळा काळोख. जायचं कुठे ते त्याला दिसत नाही, म्हणून आहे तिथेच राहतो. आमच्या मामाच्या गावची मोठी पोरं याला ‘होला बांधला’ म्हणायची.

ते गाव माणदेशातलं. मे महिना, खळी कधीच उरकलेली, ओढा कोरडा ठणठणीत. सामान म्हणजे तीन सेलची बॅटरी, सायकलच्या ट्यूबची गलोल आणि खताची रिकामी गोणी. त्या रात्री आम्ही पाच होले आणले. ‘आम्ही’ हा शब्द मी उगाच वापरतो. माझ्याकडे फक्त बॅटरी धरायचं काम होतं. पण ते मी मोठ्या ऐटीत केलं. सकाळी अंगणात गोणी उलटी केली आणि रात्रभर एकाच रंगाचे असलेले ते पाच पक्षी उन्हात वेगवेगळे झाले. दोघांच्या मानेवर मागच्या बाजूने काळी अर्धी कडी होती. दोघांच्या गळ्यावर तांबूस-काळी नक्षी. एक ठेंगणा, अंगाने भाजक्या विटेसारखा आणि डोक्याने राखेसारखा. मी पक्षी ‘पाहिले’ ते असे, मेल्यावर.

मामी पिसं काढायला बसली. होल्याची पिसं अंगाला सैल असतात. नुसती मूठ फिरवली तरी ओंजळभर निघतात आणि बोटांना पांढरी भुकटी लागते. कडीवाल्यांपैकी एकाची गळ्याखालची दाण्याची पिशवी तिने फोडली, तर आत ज्वारीच्या दाण्यांबरोबर दह्याच्या कवडीसारखं काहीतरी पांढरट होतं. तिचा हात थांबला. “ही लेकुरवाळी हाय रं,” ती म्हणाली. “पिल्लं कुठं टाकून आलासा?”

आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

होल्यांवरच्या प्रस्तुत पुस्तकाची छपाईपूर्व प्रत माझ्याकडे आली तेव्हा मी आधी तो भाग शोधला. मामीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, आणि ते मला वाटलं होतं त्याहून वाईट आहे. होल्यांत नर-मादी दोघंही अंडी उबवतात, पण पाळीने. सकाळ चढल्यावर नर येऊन बसतो, तो दुपार कलेपर्यंत. उरलेला वेळ, म्हणजे संध्याकाळपासून पुढची अख्खी रात्र, मादी घरट्यात असते. पिल्लं लहान असतात तेव्हाही रात्रीची ऊब तिचीच. दह्यासारखं दिसणारं ते द्रव्य म्हणजे होल्याचं दूध. पिल्लू अंड्यातून बाहेर यायच्या सुमारास दोन्ही पालकांच्या त्या पिशवीचं अस्तर जाड होऊन सुटायला लागतं आणि पहिले काही दिवस पिल्लं त्याच्यावरच वाढतात. म्हणजे सकाळी ज्याच्या पोटात ते सापडलं तो नरही असू शकला असता. पण रात्री, बॅटरीच्या उजेडात, बाभळीच्या काटक्यांत बसलेला? मामीचा अंदाज बरोबर असण्याचाच संभव मोठा. घरटं आम्हाला दिसलं नाही यात नवल नाही. होल्याचं घरटं म्हणजे एकावर एक ठेवलेल्या वीस-पंचवीस काड्या. खालून पाहिलं तर कधीकधी आतली दोन पांढरी अंडीही आरपार दिसतात. रात्री मात्र ते कचऱ्यासारखं दिसतं.

लेखक माझे जुने स्नेही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी माळावर होले पाहत हिंडले. ‘तू शिकारीबद्दल लिही, मी ओळखीबद्दल लिहिलंच आहे’ असं त्यांनी मला सांगितलं. मला ही वाटणी पटली नाही. शिकार आणि ओळख ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत, आणि रात्रीच्या शिकारीत बिघडतं ते नेमकं या दोघांच्या क्रमात. दिवसा पाखरामागे जाणाऱ्याला आधी ते ओळखावं लागतं: कुठल्या झाडावर येतं, पाण्याला कधी उतरतं, नर कुठला, जोडी आहे की थवा. ओळखल्याशिवाय ते हाती लागत नाही. रात्री बॅटरी धरली की यातलं काहीच लागत नाही. पक्षी आधी पिशवीत जातो, ओळख सकाळी होते. या पुस्तकाकडे मी त्या बाजूने पाहिलं, म्हणून प्रस्तावनाही त्या बाजूनेच लिहितो आहे.

शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडे बोट लगेच फासेपारध्यांकडे जातं. या जमातीला इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने सुरू झालेल्या धोरणात जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची पद्धत पडली. 1952 साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून गेला असं म्हणवत नाही. मी पाहिलेल्या बॅटरीवाल्यांत एकही पारधी नव्हता. सगळी आमच्यासारखी, सुट्टीला आलेली, पोटभर जेवलेली पोरं. उलट फाशाची रीत नीट समजून घेतली तर ती बॅटरीच्या अगदी विरुद्ध आहे. फास जिवंत धरतो. अडकलेलं जनावर समोर धडपडत असतं, ते नर आहे की मादी, गाभण आहे की पाडस, हे दिसतं, आणि सोडून द्यायचं की नाही हे ठरवायला वेळ मिळतो. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी एकाच मुलखात हिंडूनही एकमेकांची शिकार कशी ओढत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. आणि फासेपारधी फाशात आलेली गाभण काळविटाची मादी व पाडसं सोडून देत, हेही नोंदवून ठेवलं. एवढ्यावरून कुणाला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. पोट भरण्यासाठी पुढच्या वर्षीही जनावर लागतं, हा साधा हिशेब त्यात होता. पण हिशेब करायला आधी दिसावं लागतं.

सगळी वाट रात्रीच्या दिशेने गेली तर शेवट कुठे होतो, याचं उदाहरण होल्याच्याच कुळात आहे. उत्तर अमेरिकेत प्रवासी पारवा नावाचा पक्षी अब्जांच्या संख्येने होता. त्याचे थवे डोक्यावरून जाऊ लागले की सूर्य झाकोळून जाई. पक्षिचित्रकार ऑडुबॉन याने केंटकीत ग्रीन नदीच्या काठी त्यांच्या रातथाऱ्यावर काय चालतं ते पाहिलं आणि पुढे लिहून ठेवलं. सूर्य मावळायच्या आधीच माणसं गाड्या, बंदुका, लांब काठ्या घेऊन तळ ठोकून बसलेली. कुणी लोखंडी भांड्यांत गंधक आणलेलं, कुणी पाइनच्या गाठींच्या मशाली. शंभर मैलांवरून तीनशेच्या वर डुकरं हाकत आणलेली, कारण माणसांना उचलणं होणार नाही इतके पक्षी पडणार हे ठरलेलंच. पक्षी उतरले, आणि रात्रभर ते पडतच राहिले. काठीने, छऱ्यांनी, एकमेकांच्या भाराने मोडलेल्या फांद्यांखाली. त्या गर्दीत कोण काय ओळखणार? एकच वस्तू, आणि तीही अमाप. पुढे, 1 सप्टेंबर 1914 रोजी, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली आणि ती जात संपली. शेवटच्या एकटीला मात्र नाव होतं.

थाऱ्यावर रात्री मारल्यानेच ती जात गेली असं मी म्हणत नाही. जंगलं तुटली, तारायंत्राने थव्यांचा पत्ता गावोगाव पोचू लागला, रेल्वेने पिंपं भरभरून शहरांत गेली, वसाहतीतली पिल्लं सरसकट काढली गेली. पण या सगळ्यात रात्रीचा तो थारा मला विसरता येत नाही. आमच्या पाच होल्यांच्या गोणीशी त्याचं काही प्रमाणच नाही. पद्धत तीच होती.

अगदी वेगळ्या टोकाचं उदाहरण जावा बेटावरचं. तिथे ‘पेर्कुतुत’ नावाचा चिमुकला होला आहे. अंगावर झेब्र्यासारख्या बारीक आडव्या रेघा, आवाज मंजुळ. जावानी माणसाच्या सुखी संसाराला पाच गोष्टी लागतात असा तिथला जुना संकेत आहे: घर, बायको, घोडा, कट्यार आणि पक्षी. पक्ष्याला त्या यादीत ‘कुकिल’ म्हणतात, घोड्याला ‘तुरंग’. दोन्ही शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोत. गंमत पुढे आहे. पेर्कुतुतची लक्षणं पाहण्याच्या विद्येला ‘कातुरंगान’ म्हणतात. म्हणजे मुळात ही घोड्याची लक्षणं पाहण्याची विद्या, आपल्याकडच्या शालिहोत्रासारखी. ती घोड्यावरून होल्यावर आली. कुठे पांढरं पीस आहे, शेपटीची पिसं किती, डोळा कसा, चोच कशी, पाय कसे, यावरून हा पक्षी घरात भरभराट आणील की अवदसा, हे सांगतात. तसल्या लक्षणाच्या पक्ष्याला मोल फार, म्हणून रानातून तो धरून आणणारेही असतात, आणि त्यांतले काहीजण रात्री, झोपलेल्या पक्ष्यावर जातात. उंच बांबूवर पिंजरे चढवून त्यांच्या आवाजाच्या स्पर्धा होतात. तिथे ओळख इतकी बारीक की एकेका पिसाचं शास्त्र झालं, पण तिचा शेवट पिंजऱ्यात. आमच्याकडे ओळखच नव्हती, आणि शेवट चुलीवर.

आपल्या जुन्या ग्रंथांतला कपोतही बहुतेक वेळा व्याधाच्या सोबतीनेच येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो निर्ऋतीचा दूत आहे, घरात शिरला तर शांती करायची. ‘घरात पारवे घुमणं’ या आपल्या वाक्प्रचारात ओसाडीची जी भीती आहे, ती तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत एक. एकनाथांनी 1573 साली काशीत पुरी केलेली त्यावरची टीका वारकऱ्यांच्या घरोघर वाचली जाते. तिथे जाळ्यातली पिल्लं पाहून आई स्वतः जाळ्यात उडी घेते आणि पाठोपाठ बाप. आसक्ती किती वाईट, हा धडा. मला लहानपणापासून तो धडा जरा कठोर वाटतो. त्यापेक्षा शांतिपर्वातली कथा मनात राहते. वादळात गारठून पडलेली कपोती व्याधाने उचलून पिंजऱ्यात टाकली आणि रात्रीच्या आसऱ्याला तो नेमका तिच्याच झाडाखाली आला. वर नर तिची वाट पाहत विलाप करतो आहे, खाली पिंजऱ्यातून ती त्याला सांगते की दारी आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार कर. नर शेकोटीसाठी विस्तव आणतो, आणि खायला दुसरं काही नाही म्हणून स्वतः आगीत शिरतो. त्या कथाकाराला रात्री घरट्यात कोण असायला हवं ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. पण ती नाही म्हणून तो रडतो आहे, रात्र आहे, आणि घरटं रिकामं आहे, एवढं त्याने लिहिलं आहे. कोकणातली कवड्याची गोष्टही पश्चात्तापाचीच; पोह्यांचं माप कमी भरलं या संशयावरून घडलेला घात आणि मग जन्मभर घुमत राहणं. होल्याच्या आवाजात आपल्या लोकांना कधी आनंद ऐकू आला नाही, हे खरं.

आता ओळखीकडे. पुस्तकाचा गाभा तोच आहे, आणि लेखकाने तो एका वाक्यात बांधला आहे: होला दिसला की मान बघा. हितोपदेशातल्या कपोतराजाचं नाव ‘चित्रग्रीव’, म्हणजे चित्रविचित्र मानेचा. जाळ्यासकट थवा उडवणारा तो शहाणा राजा पारवा होता की होला यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. पण नाव ठेवणाऱ्याने मान पाहिली होती.

ठिपकेवाला होला घ्या. मानेच्या मागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके, बुद्धिबळाचा पट लहान करून चिकटवावा तसे. पंखांवरही फिकट टिपके. झाडी, बागा, घराची आवारं, ओलसर सावली त्याला आवडते. म्हणून कोकणात, घाटमाथ्यावर, पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्त्यांत हाच जास्त. शास्त्रीय नावात ‘सुराटेन्सिस’ आहे, म्हणजे सुरतेचा. दुसरा एक होला असाच बंदराचं नाव घेऊन फिरतो, त्याकडे येतोच. लहान तपकिरी होला याच्याहून सडपातळ. त्याची मान मागून पाहिलीत तर कोरी. नक्षी आहे ती पुढे, गळ्याच्या बाजूंना, तांबूस-काळी. घाईत बांधलेल्या रुमालासारखी. पंखाच्या कडेला निळसर राखाडी झाक. देशावरच्या कोरड्या माळाचा हा रहिवासी. निवडुंगाच्या कुंपणात, जुन्या वाड्याच्या कोनाड्यात, बसस्टँडच्या पत्र्याखालीही घरटं घालतो. इंग्रजी नावात त्याला ‘हसणारा’ म्हटलं आहे. पाच-सहा अक्षरांचा तो हलका खळखळ आवाज ऐकला तर नाव पटतं.

कंठवाला होला सगळ्यांत सोपा. अंग राखाडी-मातकट, मानेमागे काळी अर्धी कडी, कडीला पांढरी किनार. शेतातल्या तारेवर दुपारी जो बसलेला असतो तो बहुधा हाच. याच्या शास्त्रीय नावात ग्रीक भाषेतला ‘अठरा’ हा आकडा आहे. हंगेरीच्या फ्रिवाल्डस्की यांनी 1838 साली ते नाव दिलं, त्यामागे एक दंतकथा आहे. वर्षाला अठरा नाण्यांवर राबणाऱ्या मोलकरणीने देवाकडे गाऱ्हाणं घातलं, आणि तिच्या मालकिणीची कंजूषी जगाला कळावी म्हणून देवाने हा पक्षी केला. तो सारखा ‘अठरा, अठरा’ म्हणत असतो. ग्रीकांना त्यात चार अक्षरं ऐकू आली. मला तीनच येतात, मधलं लांब. लेखकालाही तीनच. गेल्या शतकात या होल्याने एक अजब गोष्ट केली. बाल्कन प्रदेशातून तो कुणी न नेता युरोपभर पसरत गेला, आणि 1955 मध्ये इंग्लंडात पहिल्यांदा त्याने घरटं केलं. सांगोल्याच्या तारेवर आपण ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, तो तिकडे पाहुणा म्हणून वर्तमानपत्रात आला.

आता तांबडा होला. हा सगळ्यांत लहान, शेपटी आखूड. वर सांगितलेला भाजक्या विटेचा नर तो हाच. आतापर्यंत सांगितलेल्या जातींत नर-मादी सहजी वेगळे काढता येत नाहीत, यात येतात. नर विटकरी, डोकं राखी, मानेला काळी कडी. मादी मात्र मातकट. ती एकटी दिसली तर कंठवाल्या होल्याचं पिल्लू समजून नवखा माणूस वहीत चुकीची नोंद करतो. मी केली आहे. आकार आणि आखूड शेपटी या दोन गोष्टी धरून राहा, असं लेखक बजावतात. याचं शास्त्रीय नाव तमिळनाडूतल्या तरंगमबाडी बंदराचं, डॅनिश लोकांनी त्या गावाचा जो उच्चार केला त्यातून आलेलं.

राहिले दोन. एक तपकिरी, पाठीवर खवल्यांसारख्या तांबूस कडा आणि मानेच्या बाजूला काळ्या-राखी रेघांचा ठसा असलेला जंगली होला. हिवाळ्यात याची संख्या वाढते. दुसरा पाचू कवडा. सह्याद्रीच्या दाट रानात पायवाटेवर दाणे टिपताना हा दिसला तर एक क्षणच दिसतो. पंख हिरवेगार, चोच लाल, नराचं कपाळ पांढरं. उठला की झाडांच्या बुंध्यांमधून जमिनीलगत इतका वेगात जातो की पाठीवरच्या दोन फिकट पट्ट्या तेवढ्या लक्षात राहतात. मान बघा हा नियम फक्त इथे फसतो, आणि लेखकाने तसं प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एक प्रयोग केला. पुस्तकातली चित्रं समोर ठेवली, आणि त्यांतलं रात्री खालून काय दिसलं असतं ते मनात पुसत गेलो. ठिपक्यांचा पट मागे असतो, गेला. कडी मागे, गेली. पंखांचे टिपके, पाठीचे खवले, पाचूचा हिरवा, सगळं वरच्या बाजूला, गेलं. गळ्यावरची नक्षी मान आत ओढल्यावर घडीत लपते. उरलं काय? फिकट पोट, तांबूस बोटं, शेपटीखालचा थोडा काळा-पांढरा. होल्याने आपली सगळी ओळख पाठीवर आणि मानेवर लिहिली आहे, आणि बॅटरीवाला नेहमी खाली उभा असतो.

सालिम अलींची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. लहानपणी मुंबईत छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामांना विचारलं, मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे पाठवलं, आणि तिथे कपाटांत हारीने ठेवलेले पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाने पाहिले. तिथून पुढे जे झालं ते सर्वांना माहीत आहे. म्हणजे तिथेही पक्षी आधी पडला, ओळख मागून आली. फरक इतकाच की त्या मुलाने डाग पाहिल्यावर विचारलं. आम्ही पाच जणांनी कडी, नक्षी, वीट पाहिली आणि रस्सा किती तिखट करायचा याची चर्चा केली. प्रश्न विचारला तो एकट्या मामीने, आणि तिला कुणी सोसायटीत पाठवलं नाही. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं आणि सवयी गोळा करून मराठीला कोश दिला. त्या रानातल्या माणसांत मामीसारख्या किती असतील, याचा विचार मला हे पुस्तक वाचताना वारंवार आला.

कायद्याबद्दल दोन ओळी लिहा, असा प्रकाशकांचा निरोप आहे. रानातला होला मारणं, धरणं, फास लावणं, आमिष टाकणं, अंडी काढणं, घरटं मोडणं हे सगळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ‘शिकार’ या एकाच शब्दात येतं आणि तो गुन्हा आहे. फार जणांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, परवाना काढून शिकार करता येत होती त्या काळातही, म्हणजे 1991 च्या दुरुस्तीपूर्वी, याच कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय शिकारीला मनाई होती आणि कृत्रिम उजेड वापरायलाही. बंदुकीला परवानगी देणाऱ्यांनाही बॅटरी मान्य नव्हती. तेव्हाचे शिकारी काही संत नव्हते. पण रात्रीच्या कामाला त्यांच्यातही मान नव्हता.

पुस्तकातल्या दोन गोष्टींशी मी सहमत नाही, तेही सांगून टाकतो. लेखकाने आवाजांसाठी अक्षरं योजली आहेत ती फार नेटकी झाली आहेत. होला चोच मिटून, गळा फुगवून घुमतो. त्या आवाजात व्यंजन असं नसतंच. वाचकाने ती अक्षरं पाठ करून माळावर जाऊ नये, कान रिकामे घेऊन जावं. दुसरं, ‘होला’ हेच प्रमाण नाव धरावं असा त्यांचा आग्रह आहे. देशावरच्या माणसाला तो शोभतो. तळकोकणात कवड्याला होला म्हटलंत तर ऐकणारा तुमच्याकडे बघत राहील. आमच्या मामाच्या गावी ‘व्होला’ म्हणायचे, अनेकवचन ‘व्हलं’. छापील नावं एकसारखी असावीत हे मला कळतं, पण एकेका जातीला गावोगाव जी वेगळी नावं आहेत ती कुणीतरी मान बघूनच ठेवलेली आहेत.

लेखकाने हा आक्षेप अर्धा मान्य केला. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी जिल्हावार नावांची यादी जोडली आहे आणि जिथली माहिती मिळाली नाही तिथे रेघ ओढून जागा कोरी ठेवली आहे. कोऱ्या जागा बऱ्याच आहेत. नंदुरबारची कोरी आहे, गडचिरोलीची कोरी आहे, आणि सिंधुदुर्गात पाचू कवड्यापुढेही नुसती रेघ आहे. आपल्या घरात, गावात, पाड्यावर यांतल्या कुठल्या होल्याला काय म्हणतात, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी ते पेन्सिलीने त्या रेघेवर लिहावं, आणि नाव कुणाकडून ऐकलं त्या व्यक्तीचं गाव व वय लिहून एक पोस्टकार्ड लेखकाला पाठवावं. दुसऱ्या आवृत्तीसाठी ते हवं आहे.